धुतलेलं धनुष्य

माझं धनुष्य त्यांनी मोरीत उभं धरलं आणि वरून पाणी ओतलं. मी चाळीच्या नळापासून लांब उभा होतो. जवळ यायचं नाही हे कोणी सांगावं लागत नव्हतं. पाय आपोआप तिथंच थांबायचे.

तावड्याची आई तांब्यानं पाणी घालत होती. तावडे हाताला फडकं गुंडाळून धनुष्य फिरवत होता, कुठली बाजू कोरडी राहू नये म्हणून. मधल्या मुठीवर माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी होती आणि तिच्यावरून दोऱ्याचे घट्ट वेढे. म्हातारीला ती दिसली.

"ह्या काय?"

मी लांबूनच सांगितलं, "मूठ आहे, आजी. खाली सांधा आहे, म्हणून बांधलंय."

"फडको कोणाचो?"

"घरचंच आहे. लुगड्याचं."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं नाही. लेकाला म्हणाली, "काप ता. ह्यांच्या बायलेचा लुगडा देवाच्या हातात देतलंस?"

तावड्यानं विळी मागवली. दोरा कापला, पट्टी सोडवली. पट्टी मोरीत पडली आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन जाळीला अडकली. निळी होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "तावडेभाऊ, सांध्याला पाणी घालू नका. आत सरस आहे. सुटेल."

सरस म्हटल्याबरोबर म्हातारीचा तांब्या थांबला. "हाडांचो सरस?"

सरस हाडा-कातड्याचाच असतो. मुंबईतल्या सगळ्या सुतारांचा तोच. तिच्या घरचा चौरंगही त्यानंच चिकटलेला असणार.

"मगे ऱ्हवांदे रातभर पाण्यात," म्हातारी म्हणाली. "धुवून जाऊंदे सगळा."

तावड्यानं पाण्याचं पिंप ओढलं आणि धनुष्य त्यात उभं सोडलं. निम्म्याच्या वर बुडालं. मग तो हात पुसत माझ्याकडं आला. लांबच थांबला.

"मनाला लावून घेऊ नको रे. म्हातारीचं डोकं जुनं. आणि हे बघ, उद्या बाण भाऊसाहेबच सोडतील, रामाचं काम त्यांचं आहे. तू पडद्याच्या मागं राहायचं. बाण पेटवायचा आणि पाटावर ठेवायचा. हातात द्यायचा नाही, पाटावर. कळलं?"

मी म्हटलं, "कळलं."

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता त्या दिवसांतली. तेव्हा माझी मिशी नीट आली नव्हती, आता डोक्यावर केस नाहीत. पण तो 'कळलं' अजून घशात आहे.

पहिल्यापासून सांगतो. मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीत सुटली. एरवी मी हे भागीशी बोललो असतो आणि विषय संपला असता. भागी माझी बायको. यंदा गेली. आता घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून कागदावर घालतोय. कुठं चुकलं तर चुकलं.

आम्ही भोईवाड्याच्या बाजूला राहायचो. आमच्या इमारती वेगळ्या होत्या. मुंबईत जात नाही असं जे सांगतात त्यांनी तेव्हा इमारतींचे नंबर बघायला पाहिजे होते. कुठल्या नंबरात कोण, हे पोस्टमनला न विचारता कळायचं. मी गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत काततात तिथं. तावडे त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथं. त्याची चाळ करी रोडला. वयानं मोठा, आवाज खणखणीत, मोर्च्यात घोषणा द्यायला पुढं. मनानं वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहितो. वाईट माणसानं केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

साचेखात्यात आमच्यातला एकही माणूस नव्हता. पगार तिथं जास्त, तरी नव्हता. कारण धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी होडीत, सूत घालताना भोकाला तोंड लावून ओढावं लागतं. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. आमच्या तोंडाचा धोटा कोण तोंडात घेणार? म्हणून दारच बंद. मालकानं बंद केलं नव्हतं. मालकाला काय, कोणी का विणेना. बंद केलं होतं बरोबरच्या कामगारांनी. एकाच झेंड्याखाली आमच्या शेजारी उभं राहून संप करणाऱ्यांनी.

धोट्याला इकडून तिकडं फटका मारायला मागावर लाकडाची एक काठी असते. विलायती लाकूड. दिवसभर ती काठी ताडताड मारत असते. वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. मोडत नाही. टोकाला झिजली की काढून टाकतात. असल्या टाकून दिलेल्या काठ्या मी गिरणीच्या आवारात पडलेल्या बघायचो आणि माझे हात शिवशिवायचे.

त्याचं कारण गावाकडचं. माझं गाव कुलाबा जिल्ह्यात, डोंगराखाली. लहानपणी मी कातकऱ्यांच्या पोरांबरोबर रानात असायचो. गावात आम्हांला कोणी जवळ घ्यायचं नाही आणि कातकऱ्यांनाही घ्यायचं नाही, मग आमचं जमलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला धनुष्य करायला शिकवलं. कुठलं लाकूड वाकतं आणि परत येतं, हे तो दाताखाली धरून सांगायचा. मला मारायचाही. चुकीच्या जागी सुरी लावली की पाठीत धपाटा. पण त्याच्याच मडक्यातलं पाणी त्यानं मला त्याच्याच हातानं दिलं. माझ्या जातीबाहेरच्या माणसानं हातात पाणी द्यायची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

तर त्या वर्षी लढा जोरात होता. गोळीबार झाला होता. गिरणगावातली पोरं मेली होती, त्यात सगळ्या जातीची होती. मढी शेजारी शेजारी ठेवलेली मी बघितली. त्या दिवशी कोणी कोणाला शिवायचं नाही म्हणालं नाही. मला वाटलं, संपलं. आता हे संपलं.

रावण जाळायचं खूळ आमच्या मराठी वस्तीत नव्हतं, ते उत्तरेकडच्या लोकांचं. पण तावड्यानं काढलं की यंदा दसऱ्याला मैदानात रावण उभा करायचा. मुंबई तोडणारा रावण. आणि त्याला पेटता बाण मारून जाळायचा. रामाचं काम भाऊसाहेब करणार. भाऊसाहेब म्हणजे तावड्याच्या चाळीच्या मालकाचा मुलगा. गिरगावात त्यांचं स्वतःचं घर, जुने मुंबईकर, वकिली शिकत होता. गोरा, उंच, बोलायला लागला की लोक ऐकत राहायचे. संयुक्त महाराष्ट्रावर सभेत बोलायचा तेव्हा मी स्वतः टाळ्या वाजवलेल्या आहेत.

तालमीला बांबूचं धनुष्य आणलं. बाण सुटला आणि पायाशी पडला. पोरं हसली. एक जण म्हणाला, "रावण म्हातारा होऊन मरेल रे, बाण पोचेपर्यंत." मी मैदानाच्या कडेला उभा होतो. तिथून म्हटलं, "मी करून देतो. तावडेभाऊ, फक्त मला तुमच्या खात्यातल्या झिजक्या काठ्या आणून द्या."

भाऊसाहेबानं मला विचारलं, "बाण तिथपर्यंत जाईल?"

म्हटलं, "त्याच्या पलीकडं जाईल."

"मग करणाऱ्यानंच सोडावा," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "ह्या लढ्यात जात नाही. रामानं आज्ञा द्यायची आणि बाण ह्यानं सोडायचा. सगळ्या मैदानापुढं."

लोकांनी टाळ्या दिल्या. तावड्यानंही दिल्या. मी घरी चालत गेलो की उडत, मला आठवत नाही.

काठ्या आल्या. एक काठी धनुष्याला पुरत नाही, आखूड पडते. दोन जोडायला लागतात. मी दोन्हींच्या टोकांना माशाच्या शेपटीसारखे काप घेतले, एकमेकांत बसतील असे. ओळखीच्या सुताराकडून रंधा आणि पटाशी आणली. सरस पाण्यात पातळ केला तेव्हा सगळा मजला नाक धरून बाहेर आला. भागी म्हणाली, "अवो, ह्यो वास रावणाला हुंगवा, बाण नको मारायला."

सांधा दोरीनं आवळून ठेवला आणि वाळू दिला. मग तासकाम. रंध्यानं थोडं, नंतर फुटक्या काचेनं खरवडून. काचेनं धूळ निघते, पीठ निघतं, लाकूड दुखत नाही. धनुष्यात खरं काम तेच असतं. मुठीच्या दोन बाजू म्हणजे धनुष्याचे हात, ते दोन्ही सारखे वाकले पाहिजेत. एक हात ताठ राहिला की दुसऱ्यावर भार येतो आणि तो मोडतो. हे करणाऱ्याला जवळून दिसत नाही. लांबून दुसऱ्या कोणाला तरी बघावं लागतं.

ते भागीनं केलं. धनुष्य मी खुंटीला आडवं टांगायचो, दोरी खाली ओढून धरायचो. ती गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहायची. डोळे बारीक करून बघायची. "डावीकडचा अंगात आलाय," म्हणायची. नाहीतर, "उजवा रुसलाय अजून." मी ताठ राहिलेली बाजू खरवडायचो. पुन्हा टांगायचो. गिरणीतून आल्यावर रोज हेच. शेजारणी म्हणायच्या, ह्या दोघांना पोर नाही म्हणून लाकडाला न्हाऊमाखू घालतात. भागी हसायची. तिच्या डोळ्याला जे दिसायचं ते माझ्या हाताला कधी दिसलं नाही.

दोरी तिचीच. शीव कोळीवाड्याची एक कोळीण आमच्या दारी मासळी घेऊन यायची. तिच्याकडून भागीनं जाळ्याचं सूत घेतलं. ते उलगडलं, मांडीवर पुन्हा पीळ देऊन वळलं, मेण चोळलं. मांडी लाल झाली. मूठ बांधायला तिनं आपलं निळं लुगडं फाडलं. लग्नातलं होतं. मी म्हटलं, कशाला. ती म्हणाली, "एवढ्या लोकांपुढं धरणार. हात घसरायला नको."

पण त्याच दसऱ्याला आमचे लोक नागपूरला निघाले होते. दीक्षा घ्यायला. आमच्या इमारतीतून किती कुटुंबं गेली ते काय सांगू, दारांना कुलपं लागली. बायका पांढरी लुगडी आणून, धुवून, घडी घालून बसल्या होत्या. भागीनंही घेतलं होतं. माझ्यासाठी पांढरा सदरा शिवला होता तिनं. मी म्हटलं, "तू भावाबरोबर जा. माझा दसऱ्याला बाण आहे."

तिनं दोरीला मेण लावत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माणूस म्हणून उभं राहायला तिकडं बोलावलंय. तुम्ही इकडं कोणाच्या मांडवात उभं राहायला चाललात?"

"मांडव सगळ्यांचा आहे," मी म्हटलं. "ते बोललेत सगळ्यांपुढं."

तिनं दोरीची गाठ मारली, ओढून बघितली, माझ्या हातात दिली. सदरा खुंटीला टांगला आणि गेली.

आणि मी धनुष्य घेऊन करी रोडला गेलो. पुढचं वर लिहिलंय.

दसऱ्याच्या दुपारी मी पुन्हा तिथं गेलो. धनुष्य उन्हात ठेवलं होतं. मुठीवर लाल कापड आणि झेंडूची माळ. वरून कोरडं दिसत होतं. सांधा माळेखाली होता, तो दिसेना. हात लावायची सोय नव्हती. मी तावड्याला म्हटलं, "अर्ध्यावरच ओढायला सांगा. ओलं आहे आतून."

तो घाईत होता. "बरं बरं," म्हणाला.

घरी का गेलो नाही, असं कोणी विचारेल. मी मनाला समजावलं होतं. हात कोणाचा का असेना, धनुष्य माझं आहे. बाण उडेल तो माझ्या लाकडातून उडेल. एवढं मला पुरेल असं मी ठरवलं होतं. माणूस स्वतःला किती थोड्यात पुरवतो ते त्या दिवशी मी बघितलं.

संध्याकाळी मैदान भरलं. कागदाचा रावण, दहा तोंडं. बाकं जोडून केलेला मंच, मागं कनात. मी कनातीच्या मागं, रॉकेलचा डबा आणि पाट घेऊन. पलीकडं भाऊसाहेबाचं भाषण चाललं होतं. आपण सारे एक आहोत, म्हणत होता. आपल्यात भेद पाडणारा जो कोणी असेल तो रावण. कनातीला एक भोक होतं, त्यातून मला त्याची पाठ दिसत होती. आणि माझं धनुष्य.

तावडे मागं आला. "पेटव."

मी बाणाचा बोळा पेटवला. पाटावर ठेवला. तावड्यानं पाट उचलला. बाण मी शिवलेला, पण पाट मधी आला की चालतं. त्यानं पाट पुढं नेला, भाऊसाहेबानं बाण उचलला, लावला. आणि ओढला. सगळ्या लोकांपुढं ओढायचा म्हणून पुरा कानापर्यंत ओढला.

मोडल्याचा आवाज झाला नाही. ओलं फडकं फाडल्यासारखा झाला. सांधा उघडला. वरचा भाग त्याच्या कपाळावर बसला, खालचा गुडघ्यावर. बाण पायाशी पडला आणि त्याचं पीतांबर पेटायला आलं, ते तावड्यानं पायानं विझवलं. मुकुट खाली गडगडला. मैदान हसलं. पहिल्यांदा पोरं हसली, मग सगळेच हसले.

भाऊसाहेब कनातीच्या मागं आला. कपाळातून रक्त येत होतं. माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्या मुस्कटात मारली. मारायला शिवाशिव आड आली नाही.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला. "तुम्हांला चार माणसांत आणलं की तुम्ही हेच करणार."

मी म्हटलं, "पाण्यानं गेलं. मी सांगितलं होतं."

"तोंड वर करून बोलतो."

मी तावड्याकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं माझं, मोरीशी. दुपारीही ऐकलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. हो, ह्यानं सांगितलं होतं. बस. त्यानं रॉकेलचा डबा उचलून माझ्या पायाशी ठेवला.

"झालं ते झालं. लोक वाट बघतायत," तो म्हणाला. "तू असं कर, मागच्या अंधारातनं जा आणि रावणाच्या पायाला काडी लाव. कोणाला दिसू नको. गावाला मढ्याची लाकडं तुम्हीच रचता ना, तुला काय नवीन आहे?"

हे तो रागानं बोलला नाही. समजुतीनं बोलला. अडचणीतून वाट काढून दिल्यासारखा.

डबा तिथं होता. काड्याची पेटी माझ्या खिशात होती. नेहमीसारखं मान हलवायची, एवढंच काम होतं. मान हलली नाही. का हलली नाही ते मला तेव्हाही कळलं नाही. गालाची आग होती असं नाही, तसल्या खूप खाल्ल्या होत्या. मला ती निळी पट्टी दिसत होती, जाळीला अडकलेली.

मी म्हटलं, "मी नाही लावणार."

मग मी कनात वर केली आणि मंचावर गेलो. पुढून. उजेडात. लोकांना वाटलं हाही नाटकाचा भाग. मी खाली वाकलो. दोन्ही तुकडे उचलले. लाल कापड आणि माळ सोडून तिथंच टाकली. दोरी मनगटाला गुंडाळली. मंचावरून समोरच्या बाजूनं उतरलो आणि लोकांमधून चालत निघालो. लोक बाजूला झाले. विटाळ म्हणून झाले की वाट द्यायला झाले, मला माहीत नाही. मी विचारायला थांबलो नाही.

पाठीमागं कोणीतरी काडी लावली. आभाळ लाल झालं. मी वळून बघितलं नाही.

भागी नागपूरहून आली तेव्हा पांढऱ्या लुगड्यात होती. प्रवासानं डोळे सुजलेले, पाय सुजलेले. पण दारात उभी राहिली ती वेगळीच बाई होती. आधी ती खाली बघून बोलायची, अनोळखी माणसासमोर पदर तोंडाशी धरायची. आता हात दोन्ही मोकळे. मी चटईवर तुकडे ठेवून बसलो होतो.

ती बसली. सांध्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "पाणी लागलंय याला," ती म्हणाली. "आणि माझी पट्टी?"

मी सगळं सांगितलं. मोरी, विळी, पिंप, पाट. गालाचंही सांगितलं. मंचावर गेलो ते जरा जोरात सांगितलं, मला वाटलं ती बरं म्हणेल.

ती म्हणाली, "आणि पट्टी कापली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिथंच."

"मग तेव्हाच का नाही उचललंत? मुस्कटात बसायची वाट कशाला बघितलीत?"

उत्तराची वाट न बघता ती उठून चुलीला लागली.

दुसऱ्या दिवशी मी सरस पातळ करायला घेतला. तिनं डबा बाजूला सरकवला. "जोडू नका," म्हणाली. "जोडलंत की विसराल तुम्ही. मला माहीत आहे तुम्ही कसे आहात ते."

त्याच साली थंडीत, ज्यांनी आम्हांला उभं केलं ते गेले. दादरच्या चौपाटीवर माणसाला माणूस लागून उभा होता. रडण्याचा आवाज समुद्रापेक्षा मोठा होता. तिथं त्या वाळूत मी दीक्षा घेतली. खुंटीवरचा पांढरा सदरा घालून गेलो होतो. भागी शेजारी होती, तिनं माझा हात कोपरापाशी धरला होता, मी कुठं जाईन असं वाटल्यासारखा.

लढा मी सोडला नाही. मुंबई काय त्यांच्या एकट्याची नव्हती. ह्या शहराचं सूत आम्हीही काढलंय. मोर्च्याला गेलो, लाठ्या खाल्ल्या. पण आमच्या इमारतीच्या रांगेतून गेलो, आमचा माणूस पुढं ठेवून. तावडे वाटेत दिसायचा. हात करायचा. मी बघायचो आणि पुढं जायचो. महाराष्ट्र झाला त्या दिवशी पेढे वाटले गेले. तावड्यानं माझ्या हातावर पेढा वरून टाकला. मी तो रस्त्यावरच्या कुत्र्याला घातला, त्याच्यासमोर.

दोन तुकडे आमच्या भिंतीवर राहिले. खोली बदलली, मुलगी झाली, शिकली, नोकरीला लागली, गिरण्या गेल्या. तुकडे सगळीकडं बरोबर आले. भागी दिवाळीत त्यांना तेल लावायची. दोरीला मेण लावायची. दरवर्षी. मी विचारायचो, कशाला आता. ती म्हणायची, "दोरीचा काय दोष." शेवटच्या आजारात हात थरथरायचे, तरी तिनं मेण मागितलं होतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी तावड्याचा नातू आला. तावडे केव्हाच मेला. त्याच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. नातू चांगला मुलगा, नम्र, मला आजोबा म्हणाला. बायको गेली म्हणून हळहळला. मी पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं.

म्हणाला, "आजोबा, आमच्या जुन्या चाळीच्या मंडळाचा मोठा सोहळा आहे. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन करतोय. तुमच्याकडं ते धनुष्य आहे असं कळलं. आम्ही नीट जोडून घेऊ, पॉलिश करू, काचेत ठेवू. खाली लिहू, लढ्याच्या काळातलं मंडळाचं धनुष्य."

मी म्हटलं, "देतो. जोडायचं नाही. आणि खाली लिहायचं, धुतलं म्हणून तुटलं. कोणी धुतलं, का धुतलं, तेही लिहायचं."

तो जरा हसला. "आजोबा, आता कुठं राहिलंय तसलं काही? लोकांना कशाला उगाच जुनं दाखवायचं?"

"लोकांना जुनं दाखवायलाच तर न्यायला आलास तू."

तो उठला. समोरचं पाणी तसंच होतं. मी ग्लासाकडं बघितलं, त्यानंही बघितलं. म्हणाला, "बाटली आहे माझ्याकडं." पिशवीत होती खरी बाटली. तहान नसेल. असेलही खरं. मी त्याच्यावर काही आळ घेत नाही.

दारात थांबून म्हणाला, "विचार करा, आजोबा. पुन्हा येतो."

म्हटलं, "विचार झालाय."

भागी, ह्या वेळी मी थांबलो नाही. विळी लागायच्या आधी उचललं.

मुलीला सांगून ठेवलंय. मी गेल्यावर हे तुकडे कोणाला द्यायचे नाहीत. सरस लावायचा नाही, पॉलिश नाही, माळ नाही. दिवाळीत दोरीला मेण, एवढंच. सांधा उघडा राहील. ज्याला बघायचा असेल त्यानं आमच्या घरी यावं, बसावं, आमच्या माठातलं पाणी आमच्या हातून घ्यावं, ग्लास रिकामा करून खाली ठेवावा. मग भिंतीकडं मान वर करावी. त्याच्या आधी नाही.